खंडेनवमीचा दंड

"कुमुदबाई, तुमची गाडी मुदत संपूनही इथेच उभी आहे. दंड भरा," पार्किंगच्या फाटकाने बजावलं.

रिक्षा शोधायला निघालेल्या कुमुदबाई रेळेकर थबकल्या. रोज त्यांना शिवणकामाच्या दुकानाशी सोडून गाडी आपली आपण घरी जाई. आज सकाळी मात्र मशिनींची पूजा झाल्यावर त्यांनी गाडीलाही हार घातला होता. "आज तुला विश्रांती," असं त्या सवयीने म्हणाल्या आणि गाडी दिवसभर जागची हलली नाही.

"अरे, आज खंडेनवमी! आज अवजारांना कामाला जुंपत नाहीत. तिने दिवसाचा मान राखला, तर दंड कसला?"

"कंपनीच्या नियमांत खंडेनवमी नाही. मीही कामावरच आहे."

"का? तुझी पूजा नाही केली कुणी?"

"कधीच नाही."

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. पिशवीत उरलेला झेंडूचा हार त्यांनी फाटकाच्या दांड्यावर चढवला, कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले.

"आज तुलाही विश्रांती, बाबा."

मग दांडा वर गेला. पाठोपाठ शहरातल्या त्या कंपनीच्या सगळ्या फाटकांचे दांडे वर गेले, आणि दसरा उजाडेपर्यंत एकही खाली आला नाही.