नातं नसल्याचा दाखला

कोर्टातल्या कारकुनानं कागदावर शिक्का मारला आणि ऑडिटर आणि त्याची बायको कायद्यानं एकमेकांचे कोणी उरले नाहीत. ऑडिटरला हायसं वाटलं. त्यानं आपली प्रत बॅगेत सरकवली आणि जिना उतरता उतरता, आज बाहेरच जेवू या का, असं तिला विचारलं. ती पुढच्या पायऱ्या उतरत राहिली.

दोघं एकाच वर्गात शिकलेली. तो एका मोठ्या बस कंपनीचं ऑडिट करायचा, ती त्याच कंपनीला कारभाराचा सल्ला द्यायची. ऑडिटपेक्षा सल्ल्यातच कमाई जास्त. मालक दोघांना घरच्यासारखं वागवायचा, आणि दुखणं तिथंच होतं. ज्यानं चोर धरायचा, त्याचीच चूल चोराच्या सरपणावर पेटत होती.

मग दुसऱ्याच एका कंपनीचं दिवाळं निघालं, ठेवीदार रस्त्यावर आले आणि सरकारला जाग आली. नवा कायदा झाला, वर्षाअखेर लागू होणारा. ऑडिटर ज्या कंपनीचे हिशेब तपासतो, तिचं दुसरं कुठलंही काम त्याच्या घरच्यांनी घ्यायचं नाही. ऑडिटरांवर नजर ठेवायला वेगळं कार्यालयही उघडलं. संघटनेच्या सभेत त्यानं या कायद्याच्या बाजूनं जोरदार भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या. तिला वाटलं, आता तरी हा या कंपनीचं ऑडिट सोडेल.

घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला, घटस्फोट घेऊ. नुसता कागदावर. राहायचं इथंच, सगळं जसंच्या तसं. कल्पना मालकाची होती. वकीलही त्यानंच बघून ठेवला होता. तिनं साफ नाही म्हटलं.

पुढं कंपनीचे कागद चाळताना तिच्या लक्षात आलं, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पगारातून कापलेला फंड बँकेत भरलेलाच नाही. मालकानं तो मुलाच्या हॉटेलात घातला होता. ती तडक घरी आली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे चहा संपवला.

"हे तू मला बायको म्हणून सांगितलंस," तो म्हणाला. "ऑडिटर म्हणून मी काही ऐकलेलं नाही."

आणि त्यानं अहवालावर सही केली. सगळं आलबेल.

ती नव्या कार्यालयात तक्रार घेऊन गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं आधी आडनावं पाहिली. ऑडिटर आपले कोण, असं विचारलं. तिनं सांगितल्यावर त्यानं कागद परत केला. नवराबायकोच्या भांडणात कार्यालय पडत नाही, म्हणाला.

त्याच संध्याकाळी तिनं घटस्फोटाला होकार दिला. नवरा इतका खूश झाला, की आता का, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. अर्जातला शब्दन् शब्द तिनं वाचला. त्यानं फक्त सही कुठं करायची तेवढं विचारलं.

कोर्टाबाहेर त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. ती बसली नाही. कंपनीचं काम सकाळीच सोडलंय, सामान ताईकडे पोचलंय, आणि आता मी त्या कार्यालयात चाललेय, असं तिनं सांगितलं. हे सगळं नावापुरतं ठरलं होतं, असं तो पुटपुटला.

"आजवर खोट्या कागदांवर सह्या केल्यास," ती म्हणाली. "हा एक खरा निघाला."

ती पायीच निघाली. किती तरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता. संसार गेला होता, पण निदान त्या ड्रायव्हरांचं म्हातारपण तरी वाचणार होतं.

अधिकारी तोच होता. तिनं तक्रार पुढं ठेवली, आणि आता ऑडिटर माझे कोणी लागत नाहीत, म्हणून कोर्टाचा कागदही ठेवला. तक्रारीला त्यानं हात लावला नाही. कोर्टाचा कागद मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून तिच्याकडे कणवेनं पाहिलं.

"घटस्फोट झालाय होय," तो म्हणाला. "राग ओसरला की या, बाई."