वेगवेगळ्या होड्या
मुलांनो, डहाणूच्या खाडीकाठचा ओटा डोळ्यांसमोर आणा. दक्षाताई बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अर्थव्यवस्थापनाचा अभ्यास करतेय आणि धाकटी हिना पुस्तकात बघून तिला प्रश्न विचारतेय. “कंपनी सगळा पैसा एकाच देशात का गुंतवत नाही?” “एकीकडे बुडाला, तर दुसरीकडचा तारतो.” “म्हणजे बाबा आणि काका एका होडीत जात नाहीत, तसंच?” दक्षा हसली. “माझा पेपर तूच दे.” समुद्राने एकाला नेलं, तरी घराला दुसरा उरावा, म्हणून दोघे भाऊ कायम वेगवेगळ्या होड्यांवर जात. तेवढ्यात बाबा आले. त्यांच्या होडीचं इंजिन बिघडलं होतं. “आज काकाच्याच होडीत जातो. एका दिवसाने काय होतंय?” त्यांनी जेवणाचा डबा काकाच्या होडीत ठेवला. दक्षाने पुस्तक मिटलं. हिनाने गुडघाभर पाण्यात उतरून डबा काढला आणि शेजारच्या नयनमामांच्या होडीत नेऊन ठेवला.