बारावा दिवस

"आ करा," दुर्गाबाई म्हणाली.

सर्जेरावनं ओसरीतल्या शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मुकाट्यानं तोंड उघडलं. तिनं नाक जवळ नेऊन हुंगलं. कांद्याचा वास आला, चहाचा आला, किडक्या दाढेचा आला. दारूचा आला नाही. आज बारावा दिवस होता.

एकोणीस वर्षं तिला या तोंडाची शिसारी होती. हा माणूस अंथरुणात ओकायचा, उंबऱ्यावर मुतायचा. गिऱ्हाइकानं शिवायला दिलेल्या नव्याकोऱ्या कापडावर याची लाळ गळायची. ते सगळं तिनं राख टाकून निपटलं होतं, आणि निपटताना एकच म्हणायची, "तुमच्या खानदानाचं रक्तच नासकं." ते खोटंही नव्हतं. त्याचा बाप भट्टीवरच रक्त ओकून गेला, थोरला भाऊ पोट फुगून गेला, दोघंही चाळिशीच्या आत-बाहेर. सर्जेरावला एकोणचाळीस पुरी झाली होती. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट ही. जुन्या जालन्यातल्या डॉक्टरनं त्याचं पोट दाबून पाहिलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, आता घोटभर जरी घेतली, तर हे वाचायचे नाहीत."

परतताना एसटीत सर्जेराव म्हणाला, "मी सोडतो. पण तू बी मिश्री सोड. एकट्याला न्हाई जमायचं मला."

तिला हसूच आलं. मिश्री म्हणजे काय नशा झाली? तंबाखू तव्यावर काळी होस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दाताला लावायची. पिंपळगावात कोणती बाई लावत नव्हती? ती सात वर्षांची असताना दाढ ठणकली, तेव्हा आईनं पहिलं बोट तिच्या तोंडात फिरवलं होतं. आईच्या तोंडात आजीनं. "मिश्रीला काय लागतंय सोडायला," ती म्हणाली. रेणुकाईच्या देवळाच्या पायरीवर दोघांनी हात ठेवले. जो आधी शपथ मोडंल त्याच्या माथी पाप. दुसरा मोकळा.

पहिले पाच दिवस तो लटलट कापला. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडला, हिरवं हिरवं ओकला. ती नाकाला पदर लावून लांब उभी राहिली. सहाव्या दिवशी त्यानं भाकरी मागून खाल्ली.

आणि तिचं डोकं दुसऱ्याच दिवशी धरलं होतं ते सोडायला तयार नव्हतं. परसाकडं साफ होईना. तोंडाला सारखं पाणी सुटायचं. सासू गोजरबाई ओट्यावर बसून काळी पिंक टाकायची, की हिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. लेकीच्या हातून तांब्या सांडला तर हिनं तिला लाटण्यानं हाणलं. आठव्या दिवशी तिनं तव्याची काजळी बोटावर घेऊन दाताला चोळून पाहिली आणि स्वतःचीच किळस येऊन थुंकली. नवऱ्याचं तोंड ती आधी पहाऱ्यासाठी हुंगायची. आता वास यावा म्हणून हुंगत होती. देवीपुढची शपथ होती, ती आधी त्यानं मोडली असती तर ही सुटली असती.

आज तोंड मिटून सर्जेरावनं सुई उचलली. कित्येक वर्षांत त्याच्या हाताला दोरा ओवता आला नव्हता, रोज सकाळी तीच ओवून द्यायची. आज त्यानं एका दमात ओवला आणि सुई वर धरून तिला दाखवली. "बघ," तो म्हणाला. तिला वाटलं, ती सुई हिसकावून घ्यावी आणि त्याच्या हातातच खुपसावी.

दुपारी तो अंगरखा पोचवायला गेला, तेव्हा ती ओढ्यापलीकडच्या भिवाच्या भट्टीवर गेली. सडक्या गुळाचा आणि नवसागराचा घाण दर्प नाकात शिरला. उघड्या रांजणात उंदीर तरंगत होता, फुगलेला. तिनं तो पाहिला आणि तरी बाटली पदराखाली घेतली. घरी येऊन ती मशीनवर ठेवली. कापड बाजूला सारलं. बूच घट्ट होतं, ते दातानं काढलं.

सर्जेराव आला. आधी त्याला वास आला, मग बाटली दिसली. सकाळी दोरा ओवणारा हात पुन्हा थरथरायला लागला. तो शिव्या देईल किंवा बाटली तोंडाला लावील, या दोहोंची तिनं तयारी केली होती. तो तिच्याकडं बघत राहिला.

"लई तरास होऊन राह्यला का गं?" त्यानं हळूच विचारलं.

एकोणीस वर्षांत हे तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तिची मान खाली गेली.

"आईची मिश्रीची डबी कोनाड्यात हाय," तो म्हणाला. "लाव. माझी शपथ मी पाळतो. देवीला सांगीन, हिला मीच मोडाय लावली."

त्याचं बोलणं पुरं होईतो ती आतल्या खोलीत कोनाड्याशी पोचली होती. झाकण काढायला तिला धीर नव्हता, ते खाली पडून घरंगळत गेलं. तिनं बोट भरून घेतलं, दातांवरून, हिरड्यांवरून फिरवलं. काळी लाळ हनुवटीवरून चोळीवर ओघळली, ती तिनं पुसली नाही. इतके दिवस आवळलेलं डोकं सैल झालं. डोळे मिटून तिनं पुन्हा बोट भरलं.

हे दुसरं बोट घासून झाल्यावर तिला आठवलं, की बाहेर बाटली उघडीच आहे आणि तिच्यापाशी तो एकटाच आहे.