पूर्ण वाक्य

“बाई, वो महजबीन ना, संडास में—”

“मला उर्दू कळत नाही. मराठीत सांग. पूर्ण वाक्यात.”

दैवशालाबाईंनी मोबाइलवरून मानसुद्धा वर केली नाही. खिचडीची माहिती भरायची होती आणि रेंज येऊन-जाऊन होती. दारात फरहाना उभी होती. तिसरीतली पोर, धावत आल्यामुळं धापा टाकत होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि आली तशी परत पळाली. बाई मनाशी हसल्या. आता ही वाक्य जुळवून आणणार.

टेंभुर्णीच्या पुढं एका वाडीवरची ही शाळा. निम्मी पोरं घरी उर्दू बोलणारी. बाई आल्या आणि शाळेचं नाव झालं. त्यांच्याकडं छडी नव्हती, आरडाओरडा नव्हता, नियम तेवढा एकच. बाईंना उर्दू येत नाही, तेव्हा जे काही हवं ते मराठीत मागायचं. पाणी हवं तर मराठीत. रडू आलं तर का आलं, तेही मराठीत. वाक्य बिनचूक आलं की सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. साहेबलोक येऊन बघून गेले, खूश होऊन गेले. फरहानाचा बाप गयासोद्दीन गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो तर हात जोडून म्हणाला होता, “बाई, पोरींची मराठी बिलकुल पक्की करून टाका. मी तहसीलात गेलो की मुक्यावानी उभा राह्यतो.” बाईंनी ते मनावर घेतलं. खोटं कशाला बोला, त्यांचा जीव होता पोरांवर.

महजबीन ही फरहानाची धाकटी बहीण, पहिलीतली. तिनं संडासाची आतली कडी जोर लावून सरकवली आणि ती गंजकी कडी बसली ती बसलीच. मार्च सरत आला होता. वर पत्रा, दारही पत्र्याचं, उन्हानं हात लावू देत नव्हतं. फरहाना दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, “रो नक्को. मैं बाई को बोलके आती.” आतून महजबीन दोन्ही हातांनी दार बडवत होती.

बाईंना सांगायचं तर होतं, पण शब्द पुरत नव्हते. फरहाना खिचडीच्या शेडकडं पळाली. तिथं चतुराबाई मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होत्या.

“मावशी, ‘खुलता नहीं’ को मराठी में क्या बोलते?”

“उघडत न्हाई.”

“और कुंडी को?”

“कडी म्हन की. आज काय परीक्षा हाये का काय तुझी?” चतुराबाई हसल्या. पोरं दिवसभर त्यांच्याकडं शब्द मागायला यायची, शेजारणीकडं मीठ मागावं तशी. त्यांनी पळी काही थांबवली नाही.

फरहाना परत दाराशी आली. वाक्य तोंडात घोळवत होती. चतुरामावशी ‘न्हाई’ म्हणते, पण बाईंना ‘नाही’ लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चुकलं तर बाई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतील. तिनं कान दिला. आतलं बडवणं थांबलं होतं.

“महजबीन? अगे महजबीन?”

आतून काहीच आलं नाही. ती वर्गाकडं धावली, दारात थांबली, शिकवल्याप्रमाणं हात मागं बांधले आणि एका दमात म्हणाली,

“बाई, संडासाची कडी उघडत नाही. माझी बहीण महजबीन आत आहे. ती आता बोलत नाही.”

तीन वाक्यं, तिन्ही बिनचूक. बाईंचा चेहरा फुलला.

“शाब्बास!”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवताच त्यांना दिसलं, फरहाना हसत नाहीये. ती मान वळवून संडासाकडं बघतेय. मग कुठं ती वाक्यं त्यांच्या डोक्यात शिरली.

बाई अनवाणीच पळाल्या. मागोमाग धावत आलेल्या चतुराबाईंनी सळई घालून दाराचा पत्रा वाकवला, बाईंनी फटीतून हात घालून कडी हिसडली. हात कापला, त्यांना कळलंही नाही. महजबीन कोपऱ्यात मुटकुळं होऊन पडली होती. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. बाईंनी तिला उचलून लिंबाच्या सावलीत आणलं, मांडीवर घेतलं, पदर भिजवून तोंडावर फिरवला.

“आँखां खोल मेरी बच्ची,” बाई म्हणत होत्या. “देख, मैं हूँ ना. कोई कुछ नहीं बोलते तेरे को. थोडा पानी पी ले, धीरे धीरे. डर नक्को बेटा, डर नक्को.”

शब्द आपसूक येत होते. दैवशालाबाईंचं लहानपण जालन्यात शेजारच्या मैमूनाखालांच्या ओट्यावर गेलं होतं. बाई अर्ध्याअधिक त्याच घरात जेवून मोठ्या झाल्या होत्या. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की, मुलांची भाषा येत असली तरी येत नाही म्हणा, मुलं आपोआप मराठी बोलायला लागतात. बाईंनी ते व्रतासारखं पाळलं होतं.

महजबीननं डोळे उघडले. दोन घोट पाणी प्याली आणि मोठ्यानं रडायला लागली. चतुराबाईंचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी मान वर केली. समोर फरहाना उभी होती. बहिणीकडं बघायचं सोडून ती बाईंच्या तोंडाकडं बघत होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फरहानानं हळूच विचारलं, मराठीतच.

“बाई, मी पहिल्यांदा आले, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?”