पाचवी पायरी

खलाशांचा मुकादम सारंग जहाजाच्या तळाकडे जाणाऱ्या जिन्याचं दार अडवून उभा होता.

"सारंग, बाजूला व्हा! वासू पाचव्याच पायरीवर पडलाय, खेचून आणतो!" खलाशी त्याला ढकलत होते.

आतून ताज्या लाकडाचा गोडसर वास येत होता. तळाशी भरलेल्या लाकडाच्या ढलप्यांनी तिथला प्राणवायू खाल्ला होता. उतरेल तो वासूशेजारीच आडवा होणार.

"हवेच्या टाकीचा मास्क येईपर्यंत कुणी आत जायचं नाही!" सारंग ओरडला. त्याचेच पाय आत धावू पाहत होते. वासू त्याचा पाठचा भाऊ होता.

मास्क आला तसा तो स्वतःच उतरला आणि भावाला खांद्यावर घालून वर आला.

संध्याकाळी वासूनं डोळे उघडले.

"पाय गळाले होते, पण दिसत सगळं होतं, दादा," तो म्हणाला. "तू नुसता दारात उभा होतास."