धुमसत्या डोंगरापुढचं गाऱ्हाणं

"ह्या बघूक माका इतक्या लांब हाडलंस?" गुरुदास गावकरांनी नाकाला उपरणं लावत विचारलं.

समोर डोंगर धुमसत होता. दगडांच्या भेगांतून पिवळट वाफ निघत होती आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला होता. जपानी माणसं मात्र त्या भोकांपुढे कमरेत वाकून नमस्कार करत होती.

"ज्वालामुखी आसा, बाबा. ह्यो डोंगर म्हणजे हेंचो देव," सर्वेश म्हणाला.

"आमच्या सड्यार ह्याच्यापेक्षा बरे दगड आसत."

गुरुदास म्हणजे मालवणजवळच्या आपल्या गावात देवाला गाऱ्हाणं घालणारे मानकरी. त्यांनी देवापुढे मागणं मांडायचं, जमलेल्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की ते देवाला पोचलं. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. हा मान पुढे एकुलत्या एका सर्वेशकडे जायचा. तर हा दिवटा जपानात नोकरीला आला आणि इथल्याच हारुकाशी लग्न करून बसला. आता कसला परत येतोय!

हारुका थोडी मागून चालत होती, तोंडावर रुमाल धरून. स्वतःच्याच देवाचा वास हिला सहन होईना! सकाळपासून अन्नालाही शिवली नव्हती. नखरे, दुसरं काय!

"घसो सुकलो," गुरुदास स्वतःशीच पुटपुटले.

हारुकाने पाण्याची बाटली पुढे केली. एवढं तरी वळण आहे म्हणायचं, असं मनात म्हणत त्यांनी ती घेतली. तिच्याकडे बघितलंही नाही.

"तिच्यावांगडा काय तरी बोला, बाबा."

"काय बोलू? भिंतीवांगडा बोललेला बरा. ता तुझ्या आवशीक जमता."

सर्वेशची आई सावित्रीबाई गुडघ्यांमुळे गावीच राहिल्या होत्या. पण लेकाच्या लग्नापासून रोज संध्याकाळी फोनवर सुनेचं तोंड बघत तासभर खिदळायच्या. एकीची मालवणी, दुसरीची जपानी. मुक्या-बहिऱ्यांचा बाजार, असं म्हणून गुरुदास ओटीवर निघून जायचे. त्या दोघी काय बोलतात हे ऐकण्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

परतीच्या बसची चौकशी करायला सर्वेश खाली गेला. गुरुदासांची नजर वाफेच्या कडेला असलेल्या छोट्या दगडी देवळीवर पडली. त्यांच्या मनात आलं, देव कुठलाही असो, ज्याच्या हद्दीतली बाई त्यानंच तिचा निकाल लावावा. हे काम गावच्या देवाच्या हातातलं नव्हेच.

त्यांनी घरून आणलेली पानसुपारी देवळीपुढे ठेवली. 'व्हय' म्हणायला कोणी नव्हतं, ही मोठीच पंचाईत. हारुका होती, पण ती असून काय उपयोग? एका परीनं बरंच झालं, जवळ उभी राहूनही हिला पत्ता लागायचा नाही. त्यांनी हात जोडले आणि गावात लावायचे तसा खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! तू हयचो राखणदार. तुझ्या मुलखातली ही बाई माज्या झिलाच्या गळ्यात पडली आसा. तिका तिच्या वाटेक लाव आनी माज्या झिलाक घराक हाड रे म्हाराजा!"

सवयीनं ते थांबले. गावात याच जागी मांडावर जमलेल्या सगळ्या गावाचा आवाज उठला असता.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

हारुका हात जोडून उभी होती. रुमाल खाली आला होता, डोळे भरले होते. हेल थेट सावित्रीबाईंचा. तिनं सासऱ्याकडे पाहिलं नाही. वाफेकडे बघत तिनं गाऱ्हाणं पुढे चालवलं.

"आनी बा देवा म्हाराजा, माज्या पोटात जा पोर आसा, तेका आपल्या आज्याची मांडी गावांदे रे म्हाराजा."

ती थांबली. 'व्हय' म्हणायला तिथं आता गुरुदासांशिवाय कोणीच नव्हतं.