बंद सळई

"येतेस की नाही, एकदाच काय ते सांग." रेमेदियोस गुहेच्या तोंडाशी उभी होती. काळा झगा, कडेवर तमालांची, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेल्या वड्यांची टोपली, डोळे सुजलेले.

"काम आहे, ताई," ओतिलिया म्हणाली.

बाबांना जाऊन आज नववा दिवस. शवपेटी ठेवली होती तिथं जमिनीवर काढलेला चुन्याचा क्रूस आज संध्याकाळी चौघांनी चार बाजूंनी चुना गोळा करून उचलायचा. त्याशिवाय गेलेला माणूस घर सोडत नाही. पायाकडची बाजू धाकट्या लेकीची, म्हणजे ओतिलियाची.

"येऊन काय करू? तोंड पाडून नाटक? मला काहीच होत नाही, ताई. पुरताना नाही झालं, आत्ताही नाही. खोटा हात लावलेला बाबांना चालेल?"

रेमेदियोसनं एक तमाल तिच्या हातात कोंबला. "तुझे हे गुहेतले मासे बरे. डोळेच नाहीत म्हणून रडत नाहीत. तुझं काय? बस येईपर्यंत खाली फाट्यावर थांबते. नाही आलीस तर पाय शेजारीण उचलेल."

ओतिलियानं गुहेत उतरता उतरता तमाल खाल्ला. चव कळली नाही.

आत डोहापासून लांब तिचा मदतनीस फिदेन्सियो अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यापुढे बसला होता. दोघं मिळून या माशांच्या मेंदूमागे लागले होते. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून माशांचे डोळे गेले, मेंदूतला डोळ्यांचा भाग आक्रसला. पण डोळ्यांच्या रिकाम्या खोबणीपाशी बारीक दाणे वाढले. पाण्यात काही थरथरलं की त्या दाण्यांना कळतं. नदीतले डोळस मासे थरथरीला भिऊन पळतात, हे आंधळे तिकडेच धावतात. पाण्यात धरलेल्या सळईला थरथरवणारी मोटर चालू केली की गर्दी. बंद सळईकडे एकही फिरकत नाही.

आज बंद सळईची पाळी होती. दिवे विझले. ओतिलियानं सळई पाण्यात धरली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

"बाई, मोटर बंद करा."

"बंदच आहे."

"थट्टा नको. जत्रा भरलीय इथं. सगळे तुमच्याकडेच निघालेत."

तिनं दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. मोटरची बॅटरी खिशातच होती. "कुठं पाणी ठिबकतंय का बघ."

"नाही हो. सगळे सळईलाच..." फिदेन्सियो मधेच थांबला. पडद्याच्या अगदी जवळ सरकला असावा, खुर्ची करकरली.

"सळई काढा, बाई," तो हळूच म्हणाला. "बस अजून आली नसेल."

"का?"

त्याची खुर्ची मागे सरकली.

ओतिलियानं अंधारात डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. ते थरथरत होतं. धरणारा हातही.